गोळीला धार लावणारे प्रथिन

पावसाळ्याचे पहिले दोन आठवडे उलटले की औषधांच्या दुकानात एक मागणी सारखी ऐकू येते: ‘जुलाबाची गोळी द्या.’ दुकानदारही फार चौकशी करत नाही. पट्टीतून चार-सहा गोळ्या कात्रीने कापून हातात देतो. त्यात बहुधा मेट्रोनिडाझोल असते, नाहीतर टिनिडाझोल, ऑर्निडाझोल ही त्याची चुलत भावंडे. अनेकदा जोडीला नॉरफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन. दोन-तीन दिवसांत जुलाब थांबतात आणि श्रेय गोळीला मिळते. ते पुष्कळदा गोळी घेतली नसती तरी तितक्याच दिवसांत थांबले असते, ही गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही.

मेट्रोनिडाझोल हे वाईट औषध मुळीच नाही. यकृतातल्या अमिबाच्या गळूने तापलेला रुग्ण या औषधाने तीन दिवसांत उठून बसतो. आतडे फुटून पोटात पू झालेल्या रुग्णावर शस्त्रक्रिया करणारा सर्जन त्याच्याशिवाय पुढे जात नाही. प्रश्न एवढाच, की ते कोणाला मारते आणि कोणाला मारूच शकत नाही. याचे उत्तर लोखंड आणि गंधक यांनी बनलेल्या एका इवल्याशा प्रथिनात आहे. त्याचे नाव फेरेडॉक्सिन.

कारण मेट्रोनिडाझोल गोळीत असते तेव्हा जिवाणूला विष नसते. पोटातून रक्तात, रक्तातून मेंदूपर्यंत, लाळेपर्यंत ते सगळीकडे फिरते. त्याचे विष होते ते सावजाच्या पेशीत शिरल्यावर, आणि तेही सावजाने स्वतःच्या हाताने त्याला एक इलेक्ट्रॉन दिला तरच. हा इलेक्ट्रॉन देणारा हात म्हणजे फेरेडॉक्सिन.

त्याचा शोध लागला तो औषधाच्या शोधात नव्हे, खताच्या. हवेतला नायट्रोजन जिवाणू कसा पकडतात, हे कळले तर खतनिर्मितीला उपयोग होईल, या विचाराने अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीच्या विल्मिंग्टन येथील प्रयोगशाळेत एक गट क्लोस्ट्रिडियम पाश्चुरिएनम या जिवाणूवर काम करत होता. लुई पाश्चर यांच्या नावाचा हा जिवाणू मातीत राहतो आणि ऑक्सिजनचा स्पर्शही त्याला सोसत नाही. अशा जिवाणूंना मराठीत विनॉक्सी म्हणतात. मॉर्टेन्सन, व्हॅलेंटाइन आणि कार्नाहन यांनी या जिवाणूच्या पेशी फोडून त्यांचा अर्क काढला. पायरुवेट हे साखरेच्या विघटनातून येणारे द्रव्य त्यात घातले, की अर्क त्याचे तुकडे करी आणि हायड्रोजन वायू सोडी. तोच अर्क एका विशिष्ट सेल्युलोजच्या स्तंभातून गाळून घेतला, की काम बंद पडे. स्तंभात मात्र एक तपकिरी पट्टा अडकून राही. तो पट्टा मिठाच्या द्रावणाने सोडवून अर्कात परत मिसळला, की काम पुन्हा सुरू.

तो तपकिरी रंग लोखंडाचा होता. पण हे लोखंड रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्यासारखे हीमच्या चकतीत बसवलेले नव्हते. त्यावर आम्ल ओतले, की रंग उडे आणि सडक्या अंड्यांचा वास येई, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. लोखंडाच्या जोडीला गंधकही होते. १९६२ साली हे काम प्रसिद्ध झाले. फेरेडॉक्सिन हे नाव त्याच कंपनीतील डी. सी. व्हॉर्टन यांनी सुचवले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात टागावा आणि आर्नन यांनी या जिवाणूच्या प्रथिनाचे स्फटिक बनवले आणि ते पालकाच्या पानातल्या हरितकणांत घातले, तर तिथेही ते काम करते हे दाखवले. मातीतला हवेला घाबरणारा जिवाणू आणि भाजीवाल्याकडची पालकाची जुडी यांच्यात एक समान कारागीर निघाला.

कारागीर लहान आहे. क्लोस्ट्रिडियमचे फेरेडॉक्सिन अवघ्या ५५ अमिनो आम्लांचे. आपल्या हिमोग्लोबिनमध्ये ती ५७४ असतात. या ५५ आम्लांच्या वेटोळ्यात दोन घन बसवलेले असतात. प्रत्येक घनाला आठ कोपरे, एकाआड एक लोखंड आणि गंधक: चार लोखंडाचे अणू, चार गंधकाचे. सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाचे चार हात प्रत्येक घनाला धरून ठेवतात. इलेक्ट्रॉन आला की तो एका अणूवर न बसता घनातल्या लोखंडांमध्ये वाटला जातो, त्यामुळे घनाचा आकार जवळजवळ बदलत नाही. म्हणूनच घेणे आणि देणे दोन्ही झटपट होते. स्लॅब टाकताना मजूर ओळीने उभे राहून सिमेंटची घमेली हातोहात पुढे देतात. घमेले कुणी डोक्यावर घेऊन बसत नाही. ते आले की पुढच्या हातात. फेरेडॉक्सिन हा त्या ओळीतला मजूर.

मार्गारेट डेहॉफ आणि रिचर्ड एक यांनी १९६६ साली या प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा क्रम तपासला, तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग आणि दुसरा अर्धा भाग एकमेकांसारखे दिसले. एखादे लहान प्रथिन कधीतरी दुप्पट होऊन हे बनले असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. हवेत ऑक्सिजन नव्हता तेव्हा समुद्रात विरघळलेले लोखंड मुबलक होते. त्या काळातली ही हत्यारे आहेत, असे बहुतेक जीवशास्त्रज्ञ मानतात. पुढे ऑक्सिजन आला, तो असे घन मोडू लागला, आणि ज्यांना तो सोसला नाही ते जीव चिखलात, दलदलीत, प्राण्यांच्या आतड्यात दडले.

तिथून ते जखमेतही येतात. रस्त्यावरच्या अपघातात मांडी चिरडली, जखमेत माती गेली, रक्तपुरवठा तुटला, की त्या मेलेल्या स्नायूत ऑक्सिजन उरत नाही. क्लोस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्सला असे घर मिळाले, की काही तासांत गॅस गँगरीन पसरते. त्वचेवर बोट दाबले तर खाली बुडबुडे कुरकुरतात. हा वायू कुठून येतो? जिवाणू साखर तोडतो, पायरुवेट बनते, ते तुटताना कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि उरलेले इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिनच्या हाती पडतात. आपल्या पेशी असे इलेक्ट्रॉन शेवटी श्वासातल्या ऑक्सिजनला देतात. या जिवाणूला ती सोय नाही. त्याचे फेरेडॉक्सिन ते हायड्रोजनेज नावाच्या एन्झाइमला देते, ते पाण्यातल्या हायड्रोजन आयनांवर चढतात आणि हायड्रोजन वायू तयार होतो. सर्जनच्या बोटाखाली कुरकुरणाऱ्या बुडबुड्यांत हा हायड्रोजन असतो.

आता पुन्हा १९६२. ड्युपाँटचा लेख ज्या वर्षी आला त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये डी. एल. एस. शिन या ब्रिटिश दंतवैद्याने एक छोटी नोंद प्रसिद्ध केली. मेट्रोनिडाझोल तेव्हा नवे होते. जपानमध्ये १९५३ साली मातीतल्या जिवाणूपासून मिळालेल्या अ‍ॅझोमायसिन या द्रव्याच्या धर्तीवर फ्रान्सच्या रोन-पूलँक कंपनीने ते बनवले होते. उपयोग एकच माहीत होता, ट्रायकोमोनास या परजीवीमुळे स्त्रियांना होणाऱ्या योनिदाहावर. त्यासाठी गोळ्या घेणाऱ्या एका बाईंच्या हिरड्याही सडून रक्ताळलेल्या होत्या. आठवड्याच्या औषधाने दोन्ही आजार एकदमच बरे झाले, असे त्यांनी सांगितले. शिन यांनी ते हसण्यावारी नेले नाही, आणखी रुग्णांवर पडताळून पाहिले. हिरड्यांच्या त्या आजारात विनॉक्सी जिवाणू असतात. परजीवीवरचे औषध जिवाणूंवर कसे चालते, हे कोणालाच सांगता येईना. त्याचे उत्तर देणारे प्रथिन त्याच वर्षी, दुसऱ्या खंडात, खताच्या प्रयोगशाळेत सापडले होते. पण दंतवैद्य कृषिरसायनाचे लेख वाचत नाहीत आणि रसायनशास्त्रज्ञ हिरड्यांचे.

१९६६ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे पॉवेल आणि सहकाऱ्यांनी अमिबाची आव आणि यकृताचा गळू या दोन्हींवर मेट्रोनिडाझोल चालते हे दाखवले. त्याआधी अशा गळवावर एमेटिनची इंजेक्शने हा उपाय होता, आणि एमेटिन हृदयाला इजा करते. इंजेक्शने चालू असताना रुग्णाला अंथरुणातून उठू देत नसत.

दोन धागे जुळले ते सत्तरच्या दशकात. १९७२ साली ओब्रायन आणि मॉरिस यांनी क्लोस्ट्रिडियम गटातल्याच एका जिवाणूला मेट्रोनिडाझोल दिले, तर त्याचा हायड्रोजन सुटणे बंद पडले. औषध संपले की वायू पुन्हा सुरू. फेरेडॉक्सिनकडून हायड्रोजनेजकडे जाणारे घमेले मधल्यामध्ये औषधाने पळवले होते. ट्रायकोमोनासच्या बाबतीतही हेच दिसले. न्यू यॉर्कमधील रॉकफेलर विद्यापीठात लिंडमार्क आणि म्यूलर यांना १९७३ साली या परजीवींच्या गटात हायड्रोजन बनवणारी एक स्वतंत्र पिशवीच सापडली. तिला हायड्रोजनोसोम म्हणतात, आणि तिच्यातही फेरेडॉक्सिन असते.

औषधाच्या रेणूवर एका टोकाला नायट्रो गट आहे. त्याला इलेक्ट्रॉन घ्यायला लावणे सोपे नाही. इलेक्ट्रॉन देण्याचा रेटा मिलिव्होल्टमध्ये मोजतात; ऋण आकडा जितका मोठा, तितका रेटा जास्त. क्लोस्ट्रिडियमच्या फेरेडॉक्सिनचा आकडा उणे ४०० च्या आसपास आहे. आपल्या पेशीतला इलेक्ट्रॉनचा नेहमीचा वाहक एनएडीएच, त्याचा उणे ३२०. मेट्रोनिडाझोलला हलवण्यासाठी एवढा रेटा पुरत नाही. फेरेडॉक्सिनचा पुरतो. इलेक्ट्रॉन मिळताच औषधाचा अस्थिर, चिडका अंश तयार होतो आणि तो जवळच्या डीएनएचे धागे तोडतो. बदललेले औषध आता मूळ औषध उरत नाही, त्यामुळे पेशीतले मूळ औषध कमी होते आणि बाहेरून आणखी आत झिरपते. उतारावरच्या खड्ड्यात पाणी भरत राहावे तसे. जिवाणू जितके काम करील तितके औषध स्वतःत ओढून घेईल.

ऑक्सिजन असेल तर काय? तो त्या चिडक्या अंशाकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो आणि औषध पुन्हा पहिल्यासारखे निरुपद्रवी होते. म्हणून जिथे हवा खेळती आहे तिथे औषध बोथट आहे.

फेरेडॉक्सिन माणसातही असते, हे इथे सांगायला हवे. अ‍ॅड्रीनल ग्रंथीत कॉर्टिसोलसारखी संप्रेरके बनवताना अ‍ॅड्रीनोडॉक्सिन नावाचे लोह-गंधक प्रथिनच इलेक्ट्रॉन पुरवते, आणि पेशीच्या श्वसनयंत्रणेत असे घन ओळीने बसवलेले आहेत. पण आपल्या फेरेडॉक्सिनचा रेटा जिवाणूच्या फेरेडॉक्सिनइतका नाही, आणि आपल्या पेशींत ऑक्सिजन असतो. या दोन गोष्टींमुळे एकच गोळी आपल्या आतड्याच्या भिंतीतून सुखरूप जाते आणि अमिबाला मारते. अमिबाच्या बाबतीत फेरेडॉक्सिनच्या जोडीला दुसरी एन्झाइमेही औषधाला इलेक्ट्रॉन देतात असे पुढच्या संशोधनात दिसले, तत्त्व तेच.

एवढे समजले, की औषधाच्या दुकानातला प्रश्न बराच सोपा होतो. लहान मुलांचे पावसाळी-हिवाळी जुलाब पुष्कळदा विषाणूंचे असतात. विषाणूला स्वतःचा चयापचयच नसतो. तिथे फेरेडॉक्सिन कुठले आणि गोळीला धार कोण लावणार? कॉलऱ्याचा जिवाणू, शिगेला, इ. कोलाय हे ऑक्सिजन असो वा नसो, दोन्हीकडे जगणारे आहेत. त्यांच्यावर मेट्रोनिडाझोलचा भरवसा नसतो. उरले अमिबा आणि जिआर्डिया. ते आपल्याकडे आहेत, पण प्रत्येक जुलाबामागे नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलाला रक्ताची आव पडली तरी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आधी शिगेलावरच्या प्रतिजैविकाचा आहे. विष्ठेच्या तपासणीत लाल रक्तपेशी गिळलेला अमिबा दिसला किंवा शिगेलावरची दोन वेगवेगळी औषधे निष्फळ ठरली, तरच मेट्रोनिडाझोल.

बाकी सगळ्या साध्या जुलाबांत जीव वाचवते ती जलसंजीवनी. अंगणवाडीत आणि आशाताईंकडे तिची पाकिटे फुकट मिळतात. मुलाला सोबत झिंक द्यायचे: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. जुलाब थांबले म्हणून झिंक थांबवायचे नाही. हा उपाय स्वस्त आहे, म्हणूनच बहुधा त्याच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. पालकांना वाटते, डॉक्टरांनी नुसती पावडर दिली.

आणखी एक घोटाळा तपासणीच्या कागदावर होतो. विष्ठेच्या अहवालात ‘एंटामिबा हिस्टोलिटिकाच्या सिस्ट’ असे छापून येते आणि रुग्ण वर्षातून चार वेळा गोळ्यांचा कोर्स घेतो. सूक्ष्मदर्शकाखाली या अमिबाच्या सिस्ट आणि एंटामिबा डिस्पार या निरुपद्रवी भावंडाच्या सिस्ट यांत फरक करता येत नाही. गॅस, ढेकर आणि सकाळी पोट साफ न होणे यांचे खापर वर्षानुवर्षे बिचाऱ्या डिस्पारवर फुटते.

उलट, खरोखर गरज असते तिथे उपचार अर्धवट राहतो. यकृताच्या अमिबाजन्य गळूचे रुग्ण बहुतांशी कमावत्या वयाचे पुरुष असतात, अनेकजण दारू पिणारे. उजव्या बरगडीखाली दुखते, थंडी वाजून ताप येतो. सात ते दहा दिवस मेट्रोनिडाझोल दिले की ताप उतरतो आणि रुग्ण घरी जायची घाई करतो. पण हे औषध लहान आतड्यातच जवळजवळ पूर्ण शोषले जाते. मोठ्या आतड्याच्या पोकळीत, जिथे सिस्ट असतात, तिथे पुरेसे पोहोचत नाही. त्यासाठी डायलोक्झानाइड फ्युरोएट किंवा पॅरोमोमायसिन हे दुसरे औषध द्यावे लागते. चिठ्ठीवरचे ते दुसरे औषध न घेतल्याने काही महिन्यांनी तोच रुग्ण तोच गळू घेऊन परत येऊ शकतो.

विनाकारण घेतलेल्या गोळीची किंमत आतड्यातली वस्ती मोजते. मोठ्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंत प्रचंड बहुसंख्या विनॉक्सींची आहे. आपण खाल्लेल्या भाजी-भाकरीतला चोथा आंबवून ते ब्यूटिरेट बनवतात आणि त्यावर आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी जगतात. या उपयोगी जिवाणूंचा कारभारही फेरेडॉक्सिनवरच चालतो. औषध चोर आणि सावात फरक करत नाही. तोंडाला धातूसारखी चव येणे, लघवीचा रंग गडद होणे हे त्रास किरकोळ आणि तात्पुरते. पण चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ गोळ्या चालू राहिल्या तर पावलांना मुंग्या, बधिरपणा येऊ शकतो, आणि मधुमेहाच्या रुग्णात तो मधुमेहाचाच समजून सोडून दिला जातो. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्याने ही गोळी परस्पर घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकू नये, असा नियम आहे. तो कागदावर आहे.

जिवाणूही गप्प बसलेले नाहीत. औषधाला धार लावणारा हात आपलाच आहे, तर तो हात आखडून घेणे ही सोपी युक्ती. जठरात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी मेट्रोनिडाझोलला धार लावतो तो आरडीएक्सए नावाच्या एन्झाइमने. या एन्झाइमचे जनुक बिघडले तर जिवाणूचे फारसे अडत नाही, पण औषध निकामी होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातील अनेक केंद्रांवरच्या अभ्यासात या जिवाणूच्या तीन-चतुर्थांशांहून अधिक नमुन्यांवर मेट्रोनिडाझोल चालत नव्हते. जुलाबासाठी म्हणून वर्षानुवर्षे गिळलेल्या गोळ्या जठरातल्या या जिवाणूलाही पोहोचत होत्या. त्यामुळे अल्सरच्या उपचारात आपल्याकडे या औषधावर विसंबता येत नाही.

हीच युक्ती आता क्षयरोगात वापरली जाते आहे. प्रेटोमॅनिड आणि डेलामॅनिड ही मेट्रोनिडाझोलच्याच घराण्यातली नायट्रो गटाची औषधे. क्षयाच्या जिवाणूत त्यांना इलेक्ट्रॉन देणारा वाहक फेरेडॉक्सिन नाही, एफ४२० नावाचे सहएन्झाइम आहे, आणि ते माणसाच्या पेशीत नसते. प्रेटोमॅनिड असे चेतवले गेले, की नायट्रिक ऑक्साइड सुटते, आणि फुप्फुसाच्या गाठीत ऑक्सिजनविना निपचित पडून राहिलेले जिवाणूही त्याने मरतात. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशा चार औषधांच्या उपचारपद्धतीला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राष्ट्रीय कार्यक्रमात मान्यता दिली. बहुऔषध-प्रतिरोधक क्षयाच्या ज्या रुग्णांना पूर्वी नऊपासून वीस महिन्यांपर्यंत औषधे घ्यावी लागत, त्यांचा उपचार यात सहा महिन्यांत पुरा होतो. मात्र इथेही धार लावणारे एन्झाइम जिवाणूचेच आहे. त्याचे किंवा एफ४२० बनवणारे जनुक बिघडले, तर प्रेटोमॅनिड त्या रुग्णाच्या शरीरात नुसतेच फिरत राहते. त्यामुळे सहा महिन्यांच्या या उपचारात मधला एकही डोस चुकू नये आणि ठरलेल्या तारखेला थुंकीचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचावा, यासाठी क्षयरोग केंद्राचे कर्मचारी रुग्णाच्या दारापर्यंत जातात.